चाइल्ड ॲडव्होकसी सेंटरचा कायदा: ‘करता येईल’ आणि ‘केलंच पाहिजे’

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही विचारलंय की अमेरिकेत प्रत्येक राज्यात अत्याचार झालेल्या मुलांसाठी चाइल्ड ॲडव्होकसी सेंटरचा कायदा आहे असं ऐकलं, तर त्यात नेमकं काय लिहिलेलं असतं आणि महाराष्ट्रात असं काही करायचं झालं तर त्यातलं काय उचलावं. मी टेक्ससमध्ये अशाच एका सेंटरमध्ये सतरा वर्षं काम करतेय, पहिली नऊ वर्षं मुलांचे इंटरव्ह्यू घेतले आणि आता पोलीस, बालसंरक्षण विभाग, सरकारी वकील या सगळ्यांच्या टीमचं कोऑर्डिनेशन बघते. वकील नाहीये मी, त्यामुळे जी कलमं रोज कामात आडवी येतात तेवढीच मला पक्की माहितीयेत, त्यावरूनच लिहितेय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी नावाचं बघू, कारण मराठी कानाला ॲडव्होकेट म्हटलं की काळा कोट दिसतो आणि फोरेन्सिक म्हटलं की लॅब नाहीतर पोस्टमार्टेम. माझ्या सासूबाईंना कितीतरी वर्षं वाटत होतं की मी कोर्टात भांडते. इथला ॲडव्होकेट म्हणजे मुलाच्या आणि घरच्यांच्या पाठीशी उभी राहणारी व्यक्ती, पहिल्या दिवशी दारात भेटते आणि केस संपेपर्यंत फोन करत राहते, तारीख कधी आहे, समुपदेशन सुरू झालं का, घरभाड्याचं काय, नुकसानभरपाईचा फॉर्म भरला का, ही सगळी कामं तिची. आणि फोरेन्सिक इंटरव्ह्यू म्हणजे मुलाच्या तोंडात शब्द न घालता, त्याच्या वयाला झेपेल अशा भाषेत, त्याचं म्हणणं काढून घेणं, असं की उद्या कोर्टात कुणी म्हणू नये की तुम्हीच पढवलंत.

दुसरं म्हणजे ‘प्रत्येक राज्यात कायदा आहे’ हे वाक्य ऐकायला बरं वाटतं पण त्याने फसायला होतं. काही राज्यांच्या कायद्यात एक व्याख्या आणि दोनचार ओळी आहेत, काही ठिकाणी अख्खं प्रकरण आहे, कुठे फक्त पैसे कुठून येणार एवढंच आहे. आणि सेंटर्स आधी आली, कायदे नंतर. पहिलं सेंटर १९८५ साली अलाबामातल्या हंट्सव्हिल गावात सुरू झालं, तिथले त्यावेळचे सरकारी वकील बड क्रेमर यांनी ते उभं केलं, पुढे ते अमेरिकेच्या संसदेत म्हणजे काँग्रेसमध्ये खासदार झाले. त्यांच्या लक्षात आलं होतं की तेच मूल आधी शिक्षिकेला सांगतं, मग पोलिसाला, मग बालसंरक्षण विभागाच्या बाईला, मग डॉक्टरला, मग दुसऱ्या पोलिसाला, मग सरकारी वकिलाला, आणि प्रत्येकाची खोली वेगळी, प्रश्न वेगळे, आणि कोणाचं कोणाशी बोलणं नाही. तेव्हा त्यांनी उलटं केलं, मुलाने ऑफिसं फिरायची नाहीत, ऑफिसांनी मुलाकडे यायचं, एका घरासारख्या जागेत. आज देशात अशी ९०० च्या वर सेंटर्स आहेत. आइसलँडने १९९८ मध्ये यावरूनच स्वतःचं बार्नाहूस म्हणजे मुलांचं घर काढलं आणि तिथून ते युरोपभर गेलं.

पण एक गोष्ट बरेच जण विसरतात. त्याच काळात कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचला मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीत मुलांवर अत्याचार झाल्याच्या आरोपाची केस चालू होती. १९८३ ला तक्रार, १९९० पर्यंत खटले, आणि शेवटी एकालाही शिक्षा नाही. तिथे मुलांना बाहुल्या हातात देऊन, ‘बाकीच्या मुलांनी सांगितलंय, तू पण हुशार आहेस ना’ अशा तऱ्हेने विचारलं गेलं होतं, त्यामुळे खरं काय आणि घातलेलं काय हे कुणालाच वेगळं करता येईना. मग १९९४ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका बालवाडीच्या केसमध्ये सांगितलं की मुलांना चुकीच्या पद्धतीने विचारल्याची शंका घ्यायला जागा असेल तर साक्षीआधीच त्याची वेगळी सुनावणी घ्या. म्हणजे नीट विचारणं हे मुलासाठी जेवढं गरजेचं तेवढंच आरोपीसाठी आणि खटल्यासाठीही. मी इंटरव्ह्यू घ्यायला नवीन आलेल्या मुलींना शिकवताना मॅकमार्टिनपासूनच सुरू करते, कारण प्रेमाने केलेला प्रश्नसुद्धा केस बुडवू शकतो.

आता आमच्याकडे एक दिवस कसा जातो ते थोडक्यात सांगते म्हणजे कायदा कुठे लागतो ते कळेल. मूल येतं आईबरोबर किंवा मावशीबरोबर किंवा फॉस्टर घरातून, म्हणजे विभागाने मूल तात्पुरतं सांभाळायला दिलेल्या घरातून. आई बाहेर ॲडव्होकेटबरोबर बसते, मुलाच्या खोलीत फक्त इंटरव्ह्यू घेणारी, दोन खुर्च्या, कागद-रंग, आणि भिंतीत कॅमेरा ज्याबद्दल मुलाला आधीच सांगतो. शेजारच्या खोलीत डिटेक्टिव्ह, बालसंरक्षण विभागाची कर्मचारी, कधी सरकारी वकील स्क्रीनवर बघतायत, त्यांना काही विचारायचं असेल तर मधे ब्रेक घेऊन मला सांगायचं, मुलाच्या खोलीत यायचं नाही. मी म्हणणार, ‘तू आज इथे कशासाठी आलीस त्याबद्दल सांग’, आणि मग ‘त्यानंतर काय झालं’, बस. ‘त्याने असं केलं का’ हा प्रश्न अगदी शेवटी, तोही नाइलाज असेल तरच. नंतर टीम बसते, तपासणी कधी, मुलाला आज रात्री कुठे ठेवायचं, आरोपी घरात आहे का. वैद्यकीय तपासणी त्यातलं शिकलेली नर्स किंवा डॉक्टर करते, आणि इथे आईवडिलांना मी दर वेळी सांगते की तपासणी नॉर्मल आली म्हणजे काही झालंच नाही असं नसतं, बहुतेक मुलांची नॉर्मलच येते.

मराठी घरांचंही एक सांगून ठेवते, इथे ह्यूस्टन-डॅलसकडे आपली माणसं खूप आहेत आणि ‘विभागाला कळलं तर मूल नेतील, व्हिसाचं काय होईल’ या भीतीने महिनोन् महिने गप्प बसलेली घरं मी बघितलीयेत. टेक्ससमध्ये मुलावर अत्याचार होतोय अशी शंका आली तरी कळवणं हे शिक्षक-डॉक्टरांनाच नाही, प्रत्येक माणसाला बंधनकारक आहे. आणि दुभाषा लागला तर नातेवाईक चालत नाही. एकदा एक लहान मुलगी इंग्रजीत बोलता बोलता शरीराच्या भागांसाठी एकदम घरातले मराठी शब्द वापरायला लागली, पलीकडच्या खोलीत कुणाला काही कळेना, मला कळत होतं पण मी ते भाषांतर करून तिच्याकडे परत फेकलं नाही, ‘ते म्हणजे काय, चित्रात दाखव’ म्हटलं, कारण रेकॉर्डिंगमध्ये तिचा शब्द आणि तिनेच सांगितलेला अर्थ राहायला हवा होता, माझा नव्हे.

हं, आता कायदा. मला विचाराल तर अशा कायद्यात खेळण्यांच्या खोलीबद्दल काय लिहिलंय ते वाचूच नका, क्रियापदं वाचा. ‘करता येईल’ लिहिलंय की ‘केलंच पाहिजे’ लिहिलंय. सगळं तिथे ठरतं.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. एवढं मोठं राज्य, पण सेंटरची राज्यभर एकसारखी व्याख्या त्यांच्या दंडसंहितेत २०२१ च्या जानेवारीपासून आली, २०२० साली मंजूर झालेल्या विधेयकाने. त्यात म्हटलंय की प्रत्येक काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाला, असं सेंटर वापरता येईल, म्हणजे मर्जी. पण सेंटर वापरलं तर मग टीममध्ये कोण कोण असावं, गुप्तता कशी राखावी, खोली कशी असावी, हे मात्र पाळलंच पाहिजे. हा अर्धा उपाय आहे असं वाटेल, पण काउंट्यांनी विरोध करून विधेयक पाडण्यापेक्षा हे बरं.

टेक्सस दुसऱ्या टोकाला. आमच्या फॅमिली कोडच्या, म्हणजे कुटुंबविषयक कायद्याच्या, २६४ व्या प्रकरणात सेंटर्सचा एक अख्खा उपविभाग आहे. त्यात पहिली मोठी गोष्ट म्हणजे सामंजस्य करार, त्यावर बालसंरक्षण विभाग, पोलीस, सरकारी वकील यांच्या सह्या हव्यात, नुसतं ‘सहकार्य करू’ असं नव्हे तर कोणती केस येणार, कोण कधी येणार, हे लेखी. आणि २०१७ मध्ये अजून पुढे गेले, ठराविक गंभीर केसेस विभागाने सेंटरकडे पाठवल्याच पाहिजेत आणि टीम बोलावलीच पाहिजे असं कलम आलं. त्या बदलाच्या आधी आणि नंतर मी त्याच खुर्चीत होते. आधी आमच्याकडे कोणतं मूल येणार हे त्या दिवशी ड्युटीवर कोणता डिटेक्टिव्ह आहे त्यावर असायचं. एक चांगला होता तो प्रत्येक मूल आणायचा, दुसरा म्हणायचा मीच विचारतो गाडीत बसून, वेळ कुठे आहे. बदल झाल्यावर दुसऱ्यालाही आणावं लागलं, कुरकुर करत का होईना, आणि वर्षभरात तोच नवीन पोरांना सांगायला लागला की गाडीत विचारू नका, घटनास्थळी फक्त कामापुरतं, कोण, कुठे, कधी, मूल आत्ता सुरक्षित आहे का, बाकी सेंटरला.

मीटिंग कोण बोलावणार हा फालतू प्रश्न वाटतो ना? नेब्रास्काने तो कायद्यात लिहून ठेवलाय, टीम बनवणं आणि ती बसवणं ही काउंटीच्या सरकारी वकिलाची जबाबदारी. कारण जिथे हे लिहिलेलं नसतं तिथे सहा महिने मीटिंग होत नाही आणि विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. मी हे भोगलंय एका ठिकाणी, नाव नको, तिथे मीटिंगच्या तारखा ठरायच्या, कॉफी यायची आणि सरकारी वकिलांच्या ऑफिसातून कुणीच यायचं नाही, आणि त्यामुळे एका मुलाची फाइल दोन खात्यांच्या मधे पडून राहिली, प्रत्येकाला वाटत होतं दुसरा बघतोय. तो मुलगा मला अजून आठवतो.

मग रेकॉर्डिंग. या मुद्द्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण तुमच्याकडे याचा विचार सगळ्यात कमी झालाय असं मला वाटतं. मुलाच्या आयुष्यातली सगळ्यात खाजगी गोष्ट व्हिडिओवर आहे, तर तो व्हिडिओ कोणाचा? सेंटरचा? पोलिसांचा? आईचा? घटस्फोटाची केस चालू असेल तर बापाचा वकील मागायला येतो, विमा कंपनी येते, कधी पत्रकारही. टेक्ससच्या कायद्यात सरळ लिहिलंय की फौजदारी खटला असेल तर रेकॉर्डिंग सरकारी वकिलाच्या मालकीचं, फौजदारी नसेल आणि मुलाच्या ताब्याबद्दल विभागाची दिवाणी केस असेल तर त्या केसमधल्या विभागाच्या वकिलाचं. आम्ही फक्त सांभाळणारे. आरोपीच्या वकिलाला ते बघायचा हक्क आहे, असायलाच हवा, पण बघायची सोय सरकारी जागेत होत असेल तर कोर्टाने त्याला कॉपी द्यायची नाही असं फौजदारी प्रक्रियेत आहे. हे नियम नसते तर आजच्या काळात एखादी क्लिप कोणाच्या फोनवर पोचली असती कल्पना करा. म्हणजे कॅमेरा विकत घ्यायच्या आधी मालकी ठरवा, उलटं नको.

आणि इथे एक मोठा गैरसमज काढते. लोकांना वाटतं इंटरव्ह्यू रेकॉर्ड झाला म्हणजे मुलाला कोर्टात जावं लागत नाही. अमेरिकेत तसं नाही. इथल्या राज्यघटनेची सहावी दुरुस्ती आरोपीला साक्षीदाराला समोरासमोर तपासायचा हक्क देते, आणि २००४ च्या क्रॉफर्डच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खटल्यासाठी म्हणून घेतलेला जबाब, साक्षीदार हजर न करता आणि उलटतपासणीची संधी न देता, पुरावा म्हणून चालणार नाही. पोलिसांच्या उपस्थितीत, तपासासाठी घेतलेला आमचा इंटरव्ह्यू बहुतेक वेळा त्यातच मोडतो. त्याआधी १९९० मध्ये मेरीलँडच्या केसमध्ये त्याच कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केलं होतं की एखाद्या मुलाला आरोपीसमोर बोलताना गंभीर मानसिक त्रास होणार असं त्या केसपुरतं सिद्ध झालं तर दुसऱ्या खोलीतून टीव्हीवर साक्ष चालेल. २०१५ मध्ये ओहायोच्या केसमध्ये तीन वर्षांच्या मुलाने बालवाडीच्या शिक्षिकेला सांगितलेलं चाललं, कारण शिक्षिका पुरावा गोळा करत नव्हती, मुलाची काळजी घेत होती. बघा, म्हणजे मूल शिक्षिकेला सांगतं ते एका कप्प्यात आणि मला सांगतं ते दुसऱ्या कप्प्यात. राज्याचा कायदा कितीही चांगला लिहा, त्याच्या वर घटना बसलेली आहे.

मग रेकॉर्डिंगचा उपयोग काय? माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे आरोपीचा वकील ते बघतो, मग आपल्या अशिलाशी बोलतो, आणि खूप केसेस गुन्हा कबूल करून मिटतात, मुलाला कोर्टाची पायरी चढावीच लागत नाही. दुसरा, मूल पाचच्या ऐवजी एकदाच सांगतं, त्यामुळे ‘मंगळवारी असं म्हणालास आणि शुक्रवारी तसं’ हा खेळ कमी होतो. मात्र एकदाच म्हणजे अक्षरशः एकच बैठक असा हट्ट नको, फार लहान किंवा फार घाबरलेल्या मुलाला दोनतीन बैठका लागतात, त्याच व्यक्तीबरोबर, ठरवून. एकाच गोष्टीला पुन्हा पुन्हा पाच माणसांनी विचारणं वेगळं आणि हे वेगळं.

कायद्याने मिळणारं संरक्षण, म्हणजे चांगल्या हेतूने काम करणाऱ्या टीमवर दिवाणी दावा लागू नये, हे जवळपास सगळीकडे असतं, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीतही ते वाढवलं. त्यावर जास्त बोलत नाही, वकील लोक ते विसरत नाहीत.

पैसा मात्र विसरतात. केंद्र सरकारचा व्हिक्टिम्स ऑफ चाइल्ड अब्यूझ ॲक्ट १९९० चा, त्यातून सेंटर्सना थोडा पैसा येतो. त्याहून मोठा आधार म्हणजे १९८४ च्या कायद्यातला गुन्हेपीडितांचा फंड, आणि गंमत म्हणजे तो करातून नाही तर केंद्रीय गुन्ह्यांमध्ये झालेल्या दंडातून भरतो. मोठ्या कंपन्या खटला टाळून तडजोड करायला लागल्या आणि तो पैसा फंडाऐवजी सरकारी तिजोरीत जायला लागला तसा फंड आटला, शेवटी २०२१ च्या जुलैत कायदा बदलून तो पैसाही फंडाकडे वळवला, तरी ओढाताण संपलेली नाही. मी एका वर्षी मुलांना सांगितलंय की तुझी समुपदेशक पुढच्या महिन्यात नसेल. ग्रँट संपली होती. आठ वर्षांच्या मुलाला ग्रँट म्हणजे काय सांगणार, त्याला एवढंच कळतं की अजून एक मोठं माणूस निघून गेलं.

म्हणून राज्यांनी स्वतःचा स्रोत शोधला ते बघण्यासारखं आहे. इलिनॉयमध्ये काउंटीला सेंटरसाठी मालमत्तेवर छोटा कर बसवायचा की नाही हे मतदारांना विचारता येतं, मतपत्रिकेवर. पेनसिल्व्हेनियाने २०१४ मध्ये जन्मदाखल्याच्या प्रतीची फी दहा डॉलरवरून वीस केली आणि त्या वाढीतला एक भाग सेंटर्स आणि तपास टीमसाठी ठेवला. हे अचानक सुचलेलं नाही. २०११ च्या नोव्हेंबरात पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल टीमच्या माजी सहाय्यक कोचला, जेरी सँडस्की, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी अटक झाली, पुढच्या जूनमध्ये ४५ आरोपांवर दोषी ठरला, आणि कितीतरी मोठ्या माणसांना आधी कुणकुण होती हे बाहेर आल्यावर अख्खं राज्य हादरलं. त्यांनी बालसंरक्षणावर टास्क फोर्स बसवला, २०१२ च्या नोव्हेंबरात त्याचा रिपोर्ट आला आणि मग एकामागून एक वीसच्या वर कायदे झाले. सगळ्यात टिकाऊ कोणता विचाराल तर मी तो जन्मदाखल्याचा म्हणेन, कारण लोकांचा राग दोन वर्षांत ओसरतो आणि जन्मदाखले रोज लागतात.

दर्जा कोण तपासणार, हा अजून एक. बहुतेक राज्यं स्वतः मानकं लिहीत बसत नाहीत, नॅशनल चिल्ड्रन्स अलायन्स म्हणून संस्था आहे ती सेंटर्सना मान्यता देते, कायदा तिच्याकडे बोट दाखवतो. फ्लोरिडाच्या कायद्यात सेंटरने काय काय केलं तरच सरकारी पैसा मिळेल हे लिहिलंय, त्यात कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणंही आहे. याची दुसरी बाजू पण सांगते, पश्चिम टेक्सससारख्या विरळ वस्तीत मानकं पूर्ण करणारं सेंटर म्हणजे काही मुलांना दोनदोन तास गाडीत, आणि गाडी चालवणारी आई रडत असते. तिथे फिरतं युनिट, किंवा शेजारच्या काउंट्यांनी मिळून एक, असे मार्ग काढावे लागतात, आणि कायद्यात ‘प्रत्येक काउंटीत एक’ असं लिहिलं असतं तर हे जमलं नसतं.

आता तुमच्याकडे येते. बदलापूरच्या २०२४ च्या प्रकरणानंतर तुम्ही सगळे पेटून उठलात हे बरोबरच आहे, त्या आईबापांना गुन्हा नोंदवायला तास न् तास थांबावं लागलं हे वाचून मलाही झोप नव्हती. पण ‘आपल्याकडे काहीच नाही’ असं तुम्ही लिहिलंय ते मला पटत नाही. पोक्सो २०१२, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा आपला कायदा, त्यात बरंच चांगलं आहे, काही तर आमच्याहून चांगलं. कलम २४, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नाही. कलम २६ मध्ये शक्य तिथे ऑडिओ-व्हिडिओ. कलम ३३ मध्ये तर वकिलाने प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी मुलाला विचारायचे, हे आमच्याकडे असतं तर मी पेढे वाटले असते, इथे आरोपीचा वकील थेट सहा वर्षांच्या मुलीला विचारतो. कलम ३६, मुलाला आरोपी दिसू नये. २०२० च्या नियमांमध्ये सपोर्ट पर्सन आहे, ती म्हणजे आमची ॲडव्होकेटच, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने त्याबद्दल पुन्हा बजावलंय.

कोर्टातल्या साक्षीच्या जागेबद्दल तर महाराष्ट्राच्याच केसेस आहेत. २०१७ चा बंडू ऊर्फ दौलतचा निकाल, त्यात सुप्रीम कोर्टाने प्रत्येक हायकोर्टाच्या हद्दीत निदान दोन तरी असुरक्षित, म्हणजे मुलांसारख्या सहज दबून जाणाऱ्या, साक्षीदारांची साक्षकेंद्रं करा म्हटलं, आणि २०२२ च्या जानेवारीत स्मृती तुकाराम बडदेच्या केसमध्ये ते जिल्ह्याजिल्ह्यापर्यंत नेलं. हैदराबादला पोलिसांनी २०१६ पासून भरोसा केंद्र चालवलंय, तिथे जबाब, समुपदेशन, वैद्यकीय, कायदेशीर मदत एका छताखाली, ते एकदा जाऊन बघा, ह्यूस्टनला येण्यापेक्षा ते जवळ आहे आणि तुमच्या व्यवस्थेत बसतं. आणि राज्याने स्वतःचा कायदा करायचं म्हणाल तर शेजारी गोवा आहे, पोक्सोच्या नऊ वर्षं आधी, २००३ मध्ये त्यांनी स्वतःचा बालक कायदा केला, पणजीला बालन्यायालय काढलं.

मग कमी काय आहे? तुमच्याकडे मूल अजूनही ऑफिसं फिरतं. पोलिसाला सांगतं, मग हॉस्पिटलमध्ये डॉक्टर ‘हिस्टरी’ घेतात तेव्हा परत, बालकल्याण समितीपुढे परत, मॅजिस्ट्रेटपुढे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ चा जबाब, जो आता नवीन संहितेत १८३ झालाय, तिथे परत, आणि मग कोर्टात. प्रत्येक पायरीवर कायदा म्हणतो मुलाशी प्रेमाने वागा, पण पायऱ्या किती यावर कुठल्याच कायद्यात बंधन नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही नवीन बिल्डिंग मागू नका, पायऱ्या कमी करायचं बंधन मागा. डॉक्टरने तपासणीपुरतं विचारायचं आणि बाकी टीमकडून घ्यायचं, समितीने मुलाला घटना विचारायचीच नाही, रेकॉर्डिंग किंवा सपोर्ट पर्सनचा रिपोर्ट बघायचा. पहिला सविस्तर जबाब जी बाई घेणार तिला त्याचं शिक्षण दिलेलं असायलाच हवं, ‘शक्य असल्यास’ नको. कलम २६ मधलं ‘शक्य तिथे’ हेच बघा, माझ्या मते सगळा घोळ त्या दोन शब्दांत आहे.

आणि हे कुठून करायचं याबद्दल एक प्रामाणिक सल्ला. शिक्षा वाढवण्याच्या फंदात पडू नका. शक्ती विधेयकाचं काय झालं तुम्ही बघितलंत, २०२१ च्या डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झालं, राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी दिल्लीला गेलं आणि तिथेच अडकलं, कारण केंद्राच्या कायद्याशी भिडणाऱ्या तरतुदी असल्या की ती वाट लागतेच. तुम्हाला हवंय ते बहुतेक खात्यांच्या कामकाजाचं आहे, गृह, महिला-बालविकास, आरोग्य, विधी, या चार खात्यांचा मिळून एक जीआर आणि जिल्हास्तरावर सही केलेला करार, यात बरंच बसतं. मीटिंग कोण बोलावणार त्या पदाचं नाव त्यात लिहा, किती दिवसांनी ते लिहा, रेकॉर्डिंग कोणाच्या ताब्यात आणि किती वर्षं ते लिहा, सपोर्ट पर्सनचं मानधन कोणत्या हेडखाली ते लिहा, हे शेवटचं नाही लिहिलं तर सहा महिन्यांत ती बाई दुसरी नोकरी धरेल.

सुरुवात म्हणून एक काम करा. तुमच्या जिल्ह्यातल्या निकाल लागलेल्या दहा केसेसच्या फाइली परवानगी घेऊन काढा, आणि एकेका मुलाने घटना पहिल्यांदा कोणाला सांगितली तिथपासून साक्षीपर्यंत एकूण किती जणांना, कोणत्या तारखेला, कोणत्या जागी सांगितली, एवढाच तक्ता करा. नावं, गाव, शाळा, सगळं काढून टाका, फक्त केस एक, केस दोन असं. तो तक्ता झाला की मला पाठवा, मग कोणती पायरी कोणत्या खात्याच्या सहीने काढता येईल ते आपण ओळीओळीने बसून बघू. रविवारी तुमच्या रात्री नऊला मी मोकळी असते.